तीन गाड्यांची सावड

भाव केल्याशिवाय मी काही विकत घेत नाही. शहापूरच्या बाजारात बांगड्यांच्या हातगाडीपासून बियाण्यांच्या दुकानापर्यंत सगळे मला ओळखून आहेत. मी लांबून दिसले की ते आधीच थोडं वाढवून सांगतात, कारण मी तेवढं कमी करणार हे त्यांना माहीत असतं, आणि ते वाढवून सांगणार हे मलाही माहीत असतं. आमच्या ह्यांना मात्र या प्रकाराची फार लाज वाटते. दुकानदार सांगेल त्या आकड्याला ते "बरं" म्हणतात आणि खिशात हात घालतात. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला मी त्यांच्या खिशातलं पाकीट काढून माझ्या कमरेला खोचलं, ते आजपर्यंत तिथेच आहे.

त्यामुळे पिकअप घ्यायचा विषय निघाला तेव्हा भाव कोण करणार हे घरात कुणी विचारलंसुद्धा नाही.

आमचं गाव सापगावच्या पुढे. भात निघालं की आम्ही त्याच जमिनीत काकडी आणि भेंडी लावतो. भेंडीचं दुखणं असं की ती थांबत नाही, तोडली की गेली पाहिजे. आमच्या बाजूच्या चार-पाच गावांचा माल एकच भाड्याची पिकअप कल्याणच्या बाजारात न्यायची, आणि तिचा ड्रायव्हर म्हणजे आम्हा सगळ्यांचा जावईच होता. तो येईल तेव्हा यायचा. "निघालो, रस्त्यात हाय," असं फोनवर सांगायचा तेव्हा तो घरी जेवत असायचा, मागून ताटवाट्यांचा आवाज ऐकू यायचा. क्रेट भरून आम्ही बायका रस्त्याच्या कडेला बसून राहायचो. तो उशिरा पोचला की बाजार आधीच भरलेला असायचा, मग व्यापारी देईल तो भाव. मी त्याच्याशी किती वेळा भांडले याची गणती नाही. एकदा तर मी त्याच्या गाडीची चावीच काढून घेतली. तो हसून म्हणाला, "ठेवा वहिनी, ठेवा. मंग तुमीच न्या माल."

गाडीच्या मागे उभी राहून क्रेट चढवणारी माझी लेक तिथूनच म्हणाली, "नेईन की."

तिला गाडी येत होती. माझं माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला. मुरबाडला रेल्वे नाही, सगळा कारभार एसटीवर आणि जीपवर, त्यामुळे तिकडे घरटी एक तरी गाडीवेडा सापडतो. आमच्या घरातला गाडीवेडा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्या लग्नाच्या आधीपासून तो टेम्पो चालवतो. लेक सुट्टीत मामाकडे जायची ती आंबे खायला जाते असा माझा समज होता. ती टेम्पो शिकून आली. पुढे तिनं मालवाहू गाडीचं लायसनही काढलं, आणि ते आल्यावर मला दाखवलं तेव्हा आधी तिच्या फोटोवरून मी तिला चिडवलं, मग आत जाऊन देवापुढे साखर ठेवली.

चावी माझ्या हातून परत घेत ड्रायव्हर तिला म्हणाला होता, "पोरी, ही स्कूटी नाय. भरलेली गाडी उतारावर मागून ढकलते." लेकीनं उरलेले क्रेट चढवले. पण घरी येऊन तिनं आम्हा दोघांना समोर बसवलं. तिच्या दोन मैत्रिणी भिवंडीकडच्या एका गोडावूनमध्ये लागल्या होत्या, पार्सलवर स्कॅनचं मशीन मारायचं काम. तिलाही बोलावणं आलेलं होतं. "आये," ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत गाडी झाली तर गाडी. नाय तर मी गोडावूनला जाते. असंच क्रेट चढवत नाय बसायचं मला." आणि थोड्या वेळानं पुढे म्हणाली, "नि गाडी माझ्या नावावर पायजे."

हे म्हणाले, "बरं."

आयुष्यभर मला वैताग आणणारा तो शब्द त्या दिवशी मला फार आवडला. माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते. भिवंडीत काम करणं वाईट नाही, आमच्या तालुक्यातल्या कितीतरी मुली करतात आणि घरं चालवतात. पण माझी लेक स्टिअरिंगला बसली की तिची मान ताठ होते, ओठ घट्ट मिटतात आणि ती कुणाचीच नसल्यासारखी, फक्त स्वतःची दिसते. असं तोंड करून पार्सलवर मशीन मारता येत नाही. तिला त्या खुर्चीवर बसलेली बघायची माझी हौस होती, आणि हौस म्हणून कमी लेखू नये इतकी ती मोठी होती.

आता अडचण किमतीची. गाडी घ्यायची म्हणून आम्ही आधीपासून पैसे टाकत होतो, पण किंमत आमच्या हाती लागत नव्हती. पहिल्यांदा शोरूमला गेलो तेव्हाच घ्यायला हवी होती. पण मी म्हणाले, एक हंगाम थांबू, अजून थोडे टाकू, हप्ता कमी बसेल. हंगाम चांगला गेला. परत गेलो तर किंमत पुढे सरकलेली. टाय लावलेला सेल्समन म्हणाला, "मटेरियल महाग झालं, मावशी." पुढच्या खेपेला धुराचे नवे नियम आले म्हणून वाढली. त्याच्या पुढच्या खेपेला वाढली तेव्हा त्यानं कारणच सांगितलं नाही. मी खोदून विचारलं तर म्हणाला, "जानेवारी आहे ना." जानेवारीत थंडी वाढते हे मला माहीत होतं, गाडीची किंमत वाढते हे नवीन कळलं. आमची भेंडी कधी म्हणाली नाही की जानेवारी आहे, मला वाढवून द्या.

मग मी या धंद्याच्या मागेच लागले. शहापूर, कल्याण, भिवंडी, तिन्हीकडच्या शोरूममध्ये मी जाऊन बसले. गाडी तीच, रंग तोच, आणि तिघांचे तीन भाव. एक भाव शोरूमच्या आतला, एक गाडी रस्त्यावर आणेपर्यंतचा, त्याला ऑन-रोड म्हणतात. मधे पासिंग, विमा, आणि कसले कसले चार्जेस. एका ठिकाणी फॉर्म भरायचा चार्ज लावला होता. मी म्हणाले, फॉर्म आण, माझी लेक भरते, तिचं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे. तो चार्ज त्यानं खोडला. सूट मागितली की कुणी ताडपत्री देऊ करायचा, कुणी सीट कव्हर, कुणी देवाची मूर्ती. मूर्ती मी घेतली नाही, कारण देव फुकटात घ्यायचा नसतो असं आमच्याकडे मानतात, आणि त्या मूर्तीची किंमत ते गाडीत लावणार हेही मला दिसत होतं.

एकानं विचारलं, "एक्सचेंजला काय आहे का? जुनी गाडी दिली तर वरची सूट मिळते." मी तोंड अगदी साधं ठेवून म्हणाले, "बैलजोडी हाय. एक जरा मारका हाय, पण चालतो बरा." त्यानं खरंच आत जाऊन कुणाला तरी विचारलं. लेक तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली, आणि हे माझ्याकडे असं बघत राहिले की जणू आमची ओळखच नाही.

कल्याणच्या शोरूमचा सेल्समन त्यातल्या त्यात सरळ होता. एक दिवस चहा पाजून तो मला म्हणाला, "मावशी, एक गाडी घेणाऱ्याला मी काढून काढून किती काढणार? ट्रान्सपोर्टवाले येतात, एकदम तीन-चार उचलतात, त्यांना साहेब वेगळा रेट देतात. नाहीतर महिनाअखेरीला या. टार्गेट पुरं व्हायचं असलं की साहेब जरा ऐकतात." मी चहा संपवला आणि घरी आले. दोन्ही गोष्टी डोक्यात राहिल्या होत्या, पण त्यांचं काय करायचं ते सुचत नव्हतं.

सुचलं ते लावणीत. आमच्याकडे भाताची लावणी सावडीनं होते. सावड म्हणजे आज तुमच्या घरचं माणूस माझ्या शेतात येऊन लावणार, उद्या माझं माणूस तुमच्या शेतात जाणार. मजुरी कुणी कुणाला देत नाही, माणसाची फेड माणसानं. सावडीत एक कडक रिवाज आहे. तुम्हाला यायला जमत नसेल तर नुसतं कळवून भागत नाही, आपल्या जागी दुसरं माणूस पाठवायचं. कुणीही चालेल, पण जागा रिकामी ठेवायची नाही. मी चिखलात वाकून रोपं खोचत होते आणि आजूबाजूला सात-आठ पाठी वाकलेल्या दिसत होत्या. एकटीनं हे शेत लावायला मला किती दिवस लागले असते, असं मनात आलं, आणि तिथेच गाडीचं कोडं सुटलं. मी इतक्या जोरात सरळ झाले की शेजारणीला वाटलं मला काही चावलं.

भावाचा टेम्पो शेवटच्या घटका मोजत होता, त्याला नवी गाडी हवीच होती. आमच्या शेजारच्या गावात एक दुधाचा धंदा असलेलं घर आहे, तिथले आजोबाही वर्षभर पिकअपची चौकशी करत होते. तीन घरं, तीन गाड्या. मी दोघांनाही जाऊन सांगितलं, एकेकटे जाऊ नका, सावड करू. भाऊ म्हणाला, "बाय, भात लावायला सावड करतात, गाडीला कोण करतं?" मी म्हणाले, आपण. त्यानं मग दुसरा मुद्दा काढला, की पोरीच्या नावावर गाडी कशाला, उद्या लग्न झालं की घेऊन जाईल. लेक तिथेच होती. "नेईन ना मामा," ती म्हणाली, "हप्ता भरणारी मी, मंग गाडी काय तुमच्या दारात ठेवू?" भाऊ हसला. शिकवलं त्यानंच होतं, त्यामुळे फार बोलायला त्याला जागा नव्हती.

मी, भाऊ आणि आजोबा असे आम्ही तिघं कल्याणला गेलो आणि साहेबाच्या काचेच्या खोलीत बसलो. तीन गाड्या म्हटल्यावर साहेबानं पंखा वाढवला. पण तो म्हणाला, ट्रान्सपोर्टचा रेट एकाच नावावर घेतल्या तर मिळतो, तुम्ही तीन वेगळी माणसं, तीन वेगळी कर्जं. मी त्याला सावड काय असते ते समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे ग्रुप बुकिंग." त्याला त्या नावानं बरं वाटत असेल तर माझी काही हरकत नव्हती. शेवटी तो तयार झाला. अट एक, तिन्ही गाड्यांची बिलं या महिनाअखेरीला एकाच दिवशी झाली पाहिजेत. दोन झाल्या तर हा रेट नाही. आणि दसऱ्याला आलात तर मुळीच नाही, दसऱ्याला लोक स्वतःहून रांग लावतात.

मी बोटांवर दिवस मोजले. महिनाअखेर पितृपक्षात येत होती.

आमच्याकडे पितृपक्षात कुणी साधी कढईसुद्धा विकत घेत नाही. शोरूम ओस पडलेलं असणार, म्हणूनच साहेब इतका नरमला होता हे माझ्या लक्षात आलं. मी तोडगा काढला, पैसे भरून बिल आत्ता करायचं, गाडी मात्र घटस्थापनेला बाहेर काढायची. भावानं कुरकुरत मान्य केलं. माझं म्हणाल तर पितर माझेच आहेत. मी गाडीचा भाव पाडला म्हणून त्यांना राग येईल असं मला वाटत नाही, माझी सासू तर माझ्यापेक्षा जास्त घासाघीस करायची. पण दूधवाल्या आजोबांना ते पटेना. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या सकाळी त्यांचा निरोप आला, की बिलसुद्धा पितृपक्षात नको, आमची गाडी राहू द्या.

मी पडवीत बसले आणि बराच वेळ काही बोलले नाही. माझ्या बोलण्याची सगळ्यांना इतकी सवय आहे की घर घाबरलं. दोन गाड्यांना तो रेट नव्हता. त्या रेटाशिवाय हप्ता लेकीला झेपणारा नव्हता, आणि दसऱ्यानंतर किंमत परत वाढणार असं सेल्समन आधीच सांगून बसला होता. लेक आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फोन होता, आणि ती भिवंडीच्या मैत्रिणीला विचारत होती की खोलीत अजून एकीला जागा आहे का. रडत नव्हती. रडली असती तर मी तिला रागावले तरी असते. मला आतून फार वाईट वाटलं.

मग मी उठले आणि दूधवाल्यांच्या घरी चालत गेले. आजोबा ओटीवर बसले होते. मी भांडायला आले असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी आधीच पाणी मागवलं. मी म्हणाले, "आबा, तुमचं मन नाय तर नाय. माझं काय म्हणणं नाय. पण ही सावड होती." एवढंच बोलून मी पाणी प्याले. आजोबांचा चेहरा बदलला. गाडीच्या सौद्यातून माघार घेणं वेगळं आणि सावडीतली जागा रिकामी ठेवणं वेगळं, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. ते म्हणाले, "चूक झाली बाय. माणूस पाठवतो मी. उद्या तुमी फक्त पोचा."

दुसऱ्या दिवशी आम्ही कल्याणला पोचलो तर शोरूमच्या दारात आमचा जुना ड्रायव्हर उभा होता. इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत आधीच मंजूर झालेल्या कर्जाचे कागद घेऊन, आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या आधी. आजोबांनी पाठवलेलं माणूस म्हणजे तो. त्याची पिकअप दर आठवड्याला गॅरेजमध्ये जायची, हे मला त्याच्याकडूनच कधीतरी कळलं होतं, पण उशिरा येण्याचा बहाणा म्हणून मी ते सोडून दिलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. "वहिनी," तो म्हणाला, "पितृपक्षाचं मला काय नाय. माझी गाडीच पितर झालीय." हसायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण हसले.

तरी एक गोष्ट त्यालाही ठाऊक होती. माझी लेक गाडी घेणार म्हणजे त्याच्या चार-पाच गावांतली निम्मी गावं जाणार. तरी तो आला होता, कारण आबांनी सावडीचं नाव काढलं होतं, आणि सूट त्यालाही हवी होती. दोन्ही कारणं खरी असतील.

साहेबानं आम्हाला मागच्या यार्डात नेलं आणि तिथे त्याच्या मनातलं खरं काय ते कळलं. तीन गाड्या ओळीनं उभ्या होत्या, पण त्यातली एक आदल्या वर्षी बनलेली होती. सबंध पावसाळा तिथेच उभी होती, चाकांच्या बाजूनं गवत वाढलं होतं. हा रेट हवा असेल तर ती पण घ्यावी लागेल, साहेब म्हणाला. गाडी कोरी होती, पण कागदावर वर्षानं म्हातारी. पुढे विकताना तेवढी किंमत कमी येणार. भाऊ दुसरीकडे बघू लागला. ड्रायव्हर टायरकडे बघू लागला. मी तोंड उघडणार होते, साहेबाला चार शब्द ऐकवणार होते, तेवढ्यात लेकीनं माझा हात दाबला.

"ती मी घेते," ती म्हणाली.

मग ती गाडीला फेरी मारून आली. दार उघडून आतल्या पट्टीवरचा बनवल्याचा महिना तिनं वाचला, बॉनेट उघडलं, चावी फिरवली. गाडी चालू झाली नाही. साहेब म्हणाला, बॅटरी उतरली असेल, चार्ज करून देतो. ड्रायव्हर इस्त्रीच्या शर्टासकट गाडीखाली सरकला. खालून त्याचा आवाज आला, "पोरी, खाली गंज नाय. गाडी चांगली हाय. बॅटरी नि टायर नवे मागून घे, उभं राहून राहून टायर एका अंगाला बसलेत." तो बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीला गवत चिकटलं होतं. माझ्या लेकीशी तो पहिल्यांदाच एका ड्रायव्हरनं दुसऱ्या ड्रायव्हरशी बोलावं तसं बोलला.

त्यानंतर लेक साहेबाच्या खोलीत गेली आणि मी मागून गेले. मी फक्त बसले, बोलले नाही. तिनं आवाज चढवला नाही, माझ्यासारखी बैलजोडी काढली नाही. ती म्हणाली, "साहेब, ही गाडी तुमच्याकडं राहिली तर अजून एक वर्ष म्हातारी होईल. मी नेते. पण तिच्यावरची सूट तिच्यावरच पायजे, तिघांत वाटायची नाय. बॅटरी नवी, चारी टायर नवे. नि मामाच्या नि ड्रायव्हरकाकांच्या बिलात ते हँडलिंग चार्ज लिवलंय ते काढा." साहेबानं कॅल्क्युलेटर ओढला. तिनं त्याला आकडा विचारला नाही, ती गप्प बसून राहिली. गप्प बसणं हे मला कधीच जमलेलं नाही. साहेब एकदा आकडा दाखवायचा, ती मान हलवायची, साहेब परत बटणं दाबायचा. शेवटी त्यानं जो आकडा दाखवला तो आम्ही पहिल्यांदा गेलो होतो तेव्हाच्या किमतीच्याही खाली होता.

तिन्ही सह्या झाल्या. कर्जाच्या कागदावर तिचं नाव वर, ह्यांचं नाव जामीन म्हणून खाली. सही करताना ह्यांनी तिला विचारलं, "इथं करू?" ती म्हणाली, "हां." हे म्हणाले, "बरं." मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझे डोळे भरले होते आणि यार्डात गवताशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं. मला तिचा इतका अभिमान वाटत होता की तो चेहऱ्यावरून लपवणं मला झेपेना. मी लपवला नाही. सेल्समनला बोलावून मी सांगितलं, "माझी मुलगी आहे." तो म्हणाला, "माहितीये मावशी." तरी मी परत सांगितलं.

घटस्थापनेला तिन्ही गाड्या बाहेर निघाल्या. हार घातले, चाकाखाली लिंबं ठेवली, पेढे वाटले. पुढे कोण जाणार यावर दारातच खोळंबा झाला. भाऊ म्हणाला तो वयानं मोठा. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, सावडीत ज्याची सावड तो पुढं. तिची गाडी पुढं राहू द्या." मग माझी लेक पुढे, ड्रायव्हर तिच्या मागे आणि माझा भाऊ शेवटी, असे आम्ही शहापूरच्या रस्त्याला लागलो. उतार आला तिथे मी तिच्या हाताकडे बघत होते. तिनं आधीच गिअर खाली घेतला होता.

भात निघालं, भेंडी लागली. आता आमच्या बाजूच्या निम्म्या गावांचा माल ती नेते, निम्म्यांचा तो ड्रायव्हर नेतो, आणि एकाची गाडी बंद पडली तर दुसरा त्याचे क्रेट उचलतो. ती सांगितलेल्या वेळेला येते. त्यामुळे तोही यायला लागला आहे, आणि आम्हा बायकांचं रस्त्यावर बसणं बंद झालं.

पहिल्या तोडणीच्या दिवशी ती आमच्याच बांधाला गाडी लावून उतरली. माझे क्रेट मोजले, चढवले, दोरी आवळली आणि माझ्यासमोर हात पुढे केला. मला कळेना. "भाडं," ती म्हणाली. "सगळ्यांना क्रेटमागं एकच रेट हाय, आये. घरच्यांना वेगळा लावला तर गाव मला पण वेगळा मागंल." आपापले क्रेट घेऊन बांधावर आलेल्या बायका आमच्याकडे बघत होत्या. हे सवयीनं खिसा चाचपू लागले, त्यात काही नव्हतं. मी कमरेचं पाकीट काढलं. जिभेवर शब्द तयार होते, आईला एवढं भाडं, आणि नऊ महिने पोटात वाहिलं त्याचं काय. बायकासुद्धा त्याचीच वाट बघत होत्या.

मी तिनं सांगितलं तेवढं तिच्या हातावर ठेवलं. ती मोजून घेत होती, आणि मी एक शब्द बोलले नाही.